मुलाचा एडीएचडी शाळेत सांगावा का? (व्हॅनवाल्या काकांना सांगून पस्तावले आहे)

चारभिंतीखालची

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसतीच वाचतेय, लिहायला आज बसले. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशला बसते. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, मराठी माध्यम. इथे त्याला बाळू म्हणते. दिवाळीनंतर त्याला पुण्याला बालमानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. दोनदा बोलावलं, आम्हा दोघांकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेतली, आणि एक शाळेतल्या बाईंकडून भरून आणा म्हणाले. शाळेत कळू नये म्हणून ती मी शिकवणीच्या ताईंकडून भरून घेतली. (हो, चूक असेल. पुढे वाचा.) निदान एडीएचडी. डॉक्टरांनी मराठी शब्दही सांगितला, अवधान-अस्थिरता आणि अतिचंचलता, पण तो आमच्या घरात कुणाच्या जिभेवर बसला नाही.

निदानाआधी माझ्या पोराला नावं कमी नव्हती. वांड, द्वाड, आगाऊ, पायाला भिंगरी, अंगात किडे. नणंदेच्या मते लाडावलेला. सासूबाईंच्या मते मी गरोदरपणात स्कूटी चालवली त्याचा हा परिणाम. एक वर्षभर दर अमावास्येला मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या.

तो घरी काय करतो ते सांगते, म्हणजे कल्पना येईल. पाच ओळी शुद्धलेखन. पहिली ओळ झाली. पेन्सिलीचं टोक गेलं. टोक करताना सालाचं छान गोल फूल निघालं, ते खिडकीत ठेवायला उठला. खिडकीतून बोका दिसला. बोक्याला दूध द्यायला स्वयंपाकघरात आला, तिथे मी पोळ्या करत होते, तर गोळ्याचा हत्ती करायला घेतला. हत्तीला सोंड लागेना म्हणून काडी शोधायला गॅलरीत. पाऊण तासाने मी वही बघितली तर दुसऱ्या ओळीत ‘आगगाडी’तला ‘गा’ अर्धा. काना द्यायचा राहिलेला. आणि त्याला खरंच आठवत नव्हतं की आपण लिहीत होतो. पूर्वी मी अशा वेळी फटका द्यायचे. लपवत नाही.

आता मूळ विषय. गेल्या महिन्यात पोवई नाक्यावर व्हॅन थांबलेली असताना त्याने सरकता दरवाजा उघडला. पलीकडे नंदीबैलवाला होता, तो बघायला. काका घाबरले, ओरडले, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी संध्याकाळी त्यांना भेटून सगळं नीट सांगितलं. निदानाचं नाव, पुण्याचे डॉक्टर, सगळं. मला वाटलं समजून घेतील. काका म्हणाले, “ताई, आजाराचं पोर आपल्याला झेपायचं नाही. उद्या काही झालं तर मी अडकायचो. दुसरी व्हॅन बघा.” म्हणजे वांड होता तोवर चालत होता. आजारी झाला आणि चालेना. वर त्या व्हॅनच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “बरं झालं, मेंटल मुलासोबत आपली मुलं नकोत.” मी अजून त्या ग्रुपमध्ये आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

चार दिवसांनी समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलीचा वाढदिवस. वर्गातली सगळी गेली. रात्री नऊला तिची आई स्टीलच्या डब्यात केकचा तुकडा आणि रिटर्न गिफ्ट घेऊन दारात. “गर्दी होती ना, त्याला त्रास झाला असता.” बाळूने गिफ्ट उघडलं, कंपासपेटी होती. म्हणाला, “मी कधी गेलो होतो?” 

शनिवारी पालकसभा आहे. जानेवारीत स्नेहसंमेलन, त्यात तो लेझमीत आहे आणि रांग मोडतो म्हणून काढायचं चाललंय. बाईंना सांगू का? आमचे हे म्हणतात, अजिबात नको, एकदा कपाळावर शिक्का बसला की दहावीपर्यंत पुसत नाही. व्हॅनचं बघून मलाही तेच वाटतं. पण न सांगता रोज वर्गाबाहेर उभा राहतोच आहे तो. ज्यांनी सांगितलं त्यांनी लिहा. ज्यांनी नाही सांगितलं त्यांनीही.

---

निवृत्त_बाई

जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी माण तालुक्यात. सांगा.

पण कसं सांगायचं ते आधी ऐका. बाईंच्या हातात रिपोर्टची फाइल देऊ नका. साठ पोरांच्या वर्गात फाइल कपाटात जाते. अर्ध्या पानावर चार ओळी लिहून न्या, निदानाच्या नाही, बाळूच्या. खिडकीपाशी बसला की बाहेर जातो, म्हणून पहिल्या बाकावर, भिंतीकडून. तीन सूचना एकदम दिल्या तर एकच पोचते, म्हणून एक-एक. अर्ध्या तासाने त्याला उठायला काहीतरी काम द्या, फळा पुसणं, वह्या गोळा करणं. ओरडण्याआधी खांद्यावर हात ठेवा. एवढं बाईंना उद्या सकाळी करता येतं. ‘एडीएचडी’ करता येत नाही.

काकांनाही तुम्ही नाव सांगितलंत. “तो दार उघडतो, त्याला मधल्या सीटवर बसवा, दाराला कुलूप असू द्या,” एवढंच सांगितलं असतंत तर कदाचित गाडी पुढे गेली असती. तुम्हाला बोल लावत नाही, पुढच्या वेळेसाठी सांगते.

बाहेर उभं करण्याबद्दल. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा २००९ चा, त्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, आणि १६ वं कलम आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. खाजगी शाळेलाही ते लागू आहे. मात्र पहिल्याच भेटीत कायदा काढू नका. पर्समध्ये असू द्या.

आता माझं. ९० च्या सुमाराला माझ्या वर्गात असाच एक होता. मी त्याला रोज व्हरांड्यात उभा करत असे. तो तिथून जाणाऱ्या एसट्या मोजायचा आणि मधल्या सुट्टीत मला आकडा सांगायचा, मी चिडायची. प्रगतिपुस्तकात तीन वर्षं एकच शेरा दिला, ‘चंचल. लक्ष नाही.’ सातवीनंतर शाळा सोडली. हल्ली आमच्या भागात गॅसचे सिलिंडर तोच पोचवतो. दारात वाकून नमस्कार करतो, “बाई, बरं हाय न्हवं?” आणि दर दोन खेपांत एकदा पावतीपुस्तक माझ्याच टीपॉयवर विसरून जातो. खाली हाक मारून द्यावं लागतं. तेव्हा मला काय होतं ते इथे लिहीत नाही.

---

रोखठोक_कोल्हापूर

राग मानू नका, पण हे सगळं नवीन फॅड आहे. आमच्या घरात सख्खी-चुलत मिळून अकरा पोरं. एकालाही एडी-बिडी नव्हतं. आजोबांचा एक आवाज, सगळी सरळ. आणि काय हो, हीच पोरं मोबाइलवर दोन-दोन तास न हलता बसतात, तेव्हा कुठे जातो आजार? गोळ्या घालून पोरांना मंद करायचं आणि डॉक्टरांची घरं भरायची.

---

धांदरट

@रोखठोक, अकरातल्या किती जणांनी दहावी केली तेवढं सांगा. 

नवीन म्हणाल तर १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने अशाच मुलांवर व्याख्यानं दिली होती. तेव्हा मोबाइल नव्हता, दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयाही नव्हत्या. गंमत म्हणजे त्यानेही याला नैतिक संयमाची खोट म्हटलं. म्हणजे डॉक्टरसुद्धा सुरुवातीला आजोबांच्याच बाजूचे होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात ‘लक्ष’ हा शब्द नावात यायला १९८० उजाडलं, आणि आजचं नाव आलं १९८७ मध्ये.

मोबाइलचं उत्तर मी स्वतःवरून देते. मला वयाच्या ३६ व्या वर्षी निदान झालं, लेकीला घेऊन गेले होते तेव्हा. डॉक्टर तिला एकेक प्रश्न विचारत होते आणि उत्तरं माझ्या डोक्यात तयार होत होती. हे रक्तातून उतरतं, जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत वारशाचा वाटा ७० टक्क्यांच्या वर निघतो. लक्ष नसतं असं नाहीच मुळी. लक्ष भरपूर असतं, त्याची दावण माझ्या हातात नसते. गेममध्ये दर सेकंदाला काहीतरी वाजतं, चमकतं, ते लक्षाला धरून ठेवतं. पाढे कुठे चमकतात? मला एखादं भरतकाम घेतलं की रात्रीचे दोन वाजतात आणि गॅसवरचं दूध मात्र गेल्या आठवड्यात तीनदा उतू गेलंय.

मी कधी बाकावरून उठले नाही, कुणाला मारलं नाही. खिडकीतून बाहेर बघत बसायचे. म्हणून मला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. मुलींचं बऱ्याचदा असंच होतं, त्या त्रास देत नाहीत म्हणून राहून जातात. आई मला ‘अगं कुठे हरवलीस’ अशीच हाक मारायची. वेंधळी, विसरभोळी, धांदरट. शेवटचं मी इथे नाव म्हणूनच घेतलं, फुकट होतं.

चारभिंतीताई, तुम्ही म्हणता की वांड होता तोवर चालत होता. तुम्हाला चालत होतं. त्याला चालत होतं का? मी सांगते, नाही. सगळी नावं पोराला ऐकू येतात आणि तो ती खरी धरतो. मला ३६ वर्षं वाटत होतं की मी आळशी आहे. डॉक्टरांनी जे नाव दिलं ते पहिलं असं होतं ज्यात मला रागावलेलं नव्हतं. घरी येऊन न्हाणीघरात जाऊन रडले, बादली भरून वाहत होती तेही कळलं नाही (तेही आजारातच धरा). तेव्हा शाळेत सांगा की नका सांगू, बाळूला सांगा.

अभ्यासाला चावीचं घड्याळ लावा. दहा मिनिटं अभ्यास, टर्र वाजलं की बोका. बोक्याशी भांडून फायदा नाही, त्याला वेळापत्रकात घ्या.

---

दोन_पोरांचा_बाप

नाशिक. थोरल्याला एडीएचडी, धाकट्याला नाही, दोघांना एकाच आईबापाने वाढवलंय. संस्कारांचा मुद्दा माझ्यापुरता तिथे संपला.

तीन गोष्टी लिहितो, ताई, यातली एक तुम्हाला आवडणार नाही.

ती आधी. शिकवणीच्या ताईंकडून भरलेली प्रश्नावली पुरणार नाही. हे निदान करताना लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसतात का, बारा वर्षांच्या आत सुरू झाली का, सहा महिन्यांहून जास्त आहेत का, हे बघतात. दोन ठिकाणी म्हणजे घर आणि शाळा. चार पोरांची शिकवणी म्हणजे शाळा नव्हे. आणि उद्या औषध सुरू झालं तर त्याने फरक पडतोय का, हे सकाळी अकरा वाजता कुणाला दिसणार? तुम्ही कॅशला, साहेब कामाला. वर्गातल्या बाईंनाच. त्यांना न सांगून तुम्ही डॉक्टरांचा एक डोळा झाकताय.

औषधाचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरात वाद चालू असेलच. आमच्याकडे सहा महिने चालला. मिथाइलफेनिडेट लिहून दिलं होतं. ते गुंगीचं औषध नाही, उलट उत्तेजक आहे, आणि या मुलांमध्ये त्याने लक्ष टिकायला मदत होते. कायद्याने नियंत्रित यादीत आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि सगळे मेडिकलवाले ठेवतही नाहीत. मी पहिल्या वेळी नाशिकमध्ये चार दुकानं फिरलो, चौथ्याने चिठ्ठीकडे आणि मग माझ्याकडे असं बघितलं जणू मीच नशेचं गिऱ्हाईक आहे. साध्या गोळीचा असर साधारण चार तास. भूक मरते, डबा परत येतो, म्हणून आम्ही सकाळी पोटभर खायला घालतो आणि रात्री परत. उंची-वजन डॉक्टर दर खेपेला मोजतात. आजार ‘बरा’ होत नाही, चष्म्याने नजर बरी होत नाही तसंच. द्यायचं की नाही ते डॉक्टर आणि तुम्ही ठरवा, मेडिकलवाला आणि रोखठोकसाहेब नव्हे.

तिसरं, कागदाचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितात अडचण) आहे, स्वमग्नता (ऑटिझम) आहे. त्यामुळे नुसत्या एडीएचडीच्या रिपोर्टवर प्रमाणपत्र मागायला गेलात तर खिडकीवरून परत याल, मी आलोय. पण बऱ्याच मुलांना दोन्ही असतं. ‘गा’चा काना राहिला तो विसरला म्हणून की अक्षरंच गोंधळतात, हे तपासून घ्या. वय आठ पूर्ण झालं आहे, आता ती तपासणी होते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर आपलं बोर्ड दहावीला जादा वेळ आणि इतर सवलती देतं. तुमचे मिस्टर दहावीपर्यंतच्या शिक्क्याचं म्हणतात ना, त्यांना सांगा की दहावीलाच एक शिक्का उपयोगी पडू शकतो.

---

रोखठोक_कोल्हापूर

@धांदरट, अकरापैकी सहा. धाकटा चुलतभाऊ चौथीतून पळाला, ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. आजोबांनी त्यालाच सगळ्यात जास्त धुतला होता. तो एका जागी बसायचाच नाही, जेवायलासुद्धा. बरं. मी माझे शब्द मागे घेतोय असं नाही, पण विचार करतो.

---

चारभिंतीखालची

बारा दिवसांनी येतेय, माफ करा. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात संस्थेचं ऑडिट.

सांगितलं. निवृत्त बाईंनी सांगितलं तसंच, अर्धं पान, पाच ओळी. आमचे हे सोबत आले नाहीत, पण आदल्या रात्री ते पान त्यांनीच सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं. आमच्या बाई तरुण आहेत, ऐकून घेतलं, प्रश्नावलीही भरून देते म्हणाल्या. सोमवारपासून पहिला बाक. लेझमीतून काढलं नाही, रांगेत शेवटचा ठेवला, हलगीवाल्याच्या बाजूला, म्हणजे वाकडा गेला तरी चालेल. मी घरी येऊन शिरा केला.

मंगळवारी तो घरी आला आणि म्हणाला, “आई, मी एडी आहे.” बाईंनी वर्गात उभं करून सगळ्यांना सांगितलं होतं, याला एडीएचडी आहे, याला कुणी त्रास द्यायचा नाही, सांभाळून घ्यायचं. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव एडी झालं होतं. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तेव्हा डोक्यात नुसती आग होती. बाईंचा चेहरा पडला. “मी चांगल्यासाठीच सांगितलं हो.” ते खरं होतं, त्याला काय बोलणार? मी एवढंच म्हटलं की नाव नको, जागा हवी होती. पर्समधला कायदा पर्समध्येच ठेवला.

बाळूला मात्र त्या नावाचं फारसं काही वाटलेलं नाही. त्याच्या बाबांनी त्याला एबी डिव्हिलियर्सचे जुने व्हिडिओ दाखवलेत, त्याला वाटतं एडी हे त्यातलंच काहीतरी. मग धांदरटताईंचं ऐकून मी त्याला गच्चीवर नेऊन सांगितलं. म्हटलं, तुझ्या डोक्यात लक्ष खूप आहे, पण ते मांजरासारखं आहे, हाक मारली की येतंच असं नाही. त्याने बराच वेळ विचार केला. म्हणजे त्याच्या मानाने बराच, अर्धा मिनिट. मग विचारलं, “म्हणजे मी मुद्दाम करत नाही हे तुला माहितीये?” मी हो म्हटलं. “मग मारलं का?” 

याचं उत्तर मला देता आलं नाही. चुकले म्हटलं. तो तोवर टाकीवर चढला होता.

व्हॅन मिळाली नाही. मीच स्कूटीवरून सोडते. या महिन्यात तीनदा उशिराचा शेरा पडला, अर्ध्या दिवसाची रजा कापली. समोरच्या बिल्डिंगमध्ये अजून बोलणं नाही. सासूबाईंनी मात्र पार्किंगमध्ये एका मुलाला दम दिला म्हणे, “आमच्या नातवाला एडी म्हणायचं नाही, त्याला नाव आहे.” आणि वर येऊन त्याच नातवाला, “बस रे वांडा एका जागी.” 

डॉक्टरांची पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे. औषधाचं तेव्हा ठरेल, दोन पोरांच्या बाबांचा मजकूर ह्यांना वाचायला दिलाय. 

धांदरटताई, ते चावीचं घड्याळ कुठे मिळतं? इथे स्टेशनरीच्या दुकानात सगळे सेलचेच दाखवतात.

---

धांदरट

भांड्यांच्या दुकानात विचारा, किचन टायमर म्हणा. चावीचाच घ्या, टिकटिक ऐकू आली पाहिजे, नाहीतर वेळ चाललीय हे त्याला कळत नाही. मला तरी कळत नाही. दोन घ्या. एक हरवणारच.